पाणी उतरू दे, मग बघ : कुंभारजुव्याच्या कालव्यात होडीतून मगर, खंड्या आणि पाणमांजर कसे पाहावेत

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी आणि तीही पूर्ण भरतीला. पाणी खारफुटीच्या फांद्यांना टेकलं होतं, चिखलाचा काठ कुठेच दिसत नव्हता. दोन तास फिरून चार बगळे आणि एक घार पाहिली. धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या मासेमाराने विचारलं, काय मिळालं बघायला? मी सांगितलं तेव्हा सुईवरची नजर न काढता तो म्हणाला, "उदक देंवूं दी, मागीर पळय, बाय." पाणी उतरू दे, मग बघ.

दोन दिवसांनी त्याच कालव्यात मी सकाळी सुकतीच्या, म्हणजे पाणी पुरतं उतरण्याच्या, वेळी गेले. आदल्या खेपेला जिथे नुसतं पाणी होतं तिथे आता दोन्ही बाजूंना चकचकीत चिखलाचे उतार उघडे पडले होते. त्यावर निवट्या, म्हणजे चिखलावर चालणारे मासे, उड्या मारत होत्या, तुतवार पक्षी शेपूट हलवत फिरत होता, आणि एका वळणावर नऊ-दहा फुटांची मगर काठावर पसरली होती. होडी तीच, कालवा तोच. पाण्याची वेळ तेवढी निराळी होती.

त्यानंतर दरवर्षी हिवाळ्यात मी तिथे जाते. फोंड्याला मावशीचं घर असल्यामुळे राहण्याची सोय आहे आणि मनाजोगी तिथी निवडता येते. या फेऱ्यांतून जे हाताशी आलं ते क्रमाने लिहिते आहे.

आधी जागा समजून घ्या

मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्या समुद्राला मिळण्याआधी एका वळणावळणाच्या पाण्याने जोडल्या गेल्या आहेत. तोच कुंभारजुव्याचा कालवा. म्हणायचं कालवा, पण तो कुणी खणलेला नाही. सुमारे १५ किलोमीटर लांबीचा हा नैसर्गिक जलमार्ग आहे, एका बाजूला तिसवाडी आणि दुसऱ्या बाजूला फोंडा तालुका. भरतीचं पाणी याच्यात दोन्ही तोंडांनी शिरतं. काठाला खारफुटी, तिच्यामागे मातीचे बांध आणि बांधांपलीकडे खाजण जमिनी. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेती. बांधात बसवलेल्या मानशीतून, म्हणजे लाकडी झडपांच्या दारातून, पाणी आत-बाहेर सोडतात. मानशीच्या तोंडाशी मासे गोळा होतात, म्हणून तिथे पक्षी येतात, पाणमांजरं येतात आणि मगरही येते. नकाशावर मानशी शोधून ठेवल्यात तर निम्मं काम झालं समजा.

मगर म्हणजे गोड्या पाण्यातली, अशी आपली समजूत असते. सांगलीकडच्या वाचकांना कृष्णेतली मगर माहीत आहे, चिपळूणकरांना वाशिष्ठीतली. कुंभारजुव्यात तीच जात मचूळ पाण्यात राहते. भारतीय मगर थोडा खारटपणा सोसते आणि इथे तिला मासे, खेकडे, ऊन खायला उतार, अंडी घालायला बांध असं सगळं जवळजवळ मिळतं. माणसाशीही तिचं जुनं नातं आहे. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट गावात पौष अमावास्येला शेतकरी मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. 'मानगें थापणी' म्हणतात त्याला. मानगें म्हणजे मगर. ज्या बांधावर पोट अवलंबून आहे तो बांध आणि ज्या पाण्यात उतरायचं ते पाणी, दोन्हींची मालकीण म्हणून तिला मान द्यायचा. होडीत बसण्याआधी हे ठाऊक असलं की काठावरच्या जनावराकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

महिना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मगरीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. रात्री गार झालेलं शरीर तापवायला ती हिवाळ्यात सकाळी काठावर येऊन तासन्‌तास पडून राहते. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा ती सकाळी लवकर थोडा वेळ येते आणि पाण्यात परतते. उत्तरेकडून येणारे किनारपक्षीही याच महिन्यांत चिखलावर असतात.

मार्च ते मे जायला हरकत नाही, पण तो मगरीचा अंड्यांचा काळ. मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि जवळपास राखण करते. त्या दिवसांत बांधाला होडी टेकवायला सांगू नका. पावसाळ्यात होड्या बहुतेक बंद असतात आणि पाणी गढूळ लाल असतं. त्या काळात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटून वाट बंद झाली की खनिजाचे बार्जही याच कालव्याने झुआरीकडे वळवत. तेव्हा पावसाळा सोडूनच द्या.

तिथी आणि तास

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. बाकी काही चुकलं तरी भागतं, ही चुकली तर सहल वाया जाते.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा सुकती. भरती ते सुकती साधारण सव्वासहा तास, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी साधारण दोन मीटर वरखाली होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. भांगाच्या सुकतीला चिखलाची एक चिंचोळी पट्टी उघडी पडते, उधाणाच्या सुकतीला मात्र रुंद उतार. आपल्याला हवी आहे सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान येणारी उधाणाकडची सुकती.

कोकणातल्या कोळ्यांचा ठोकताळा इथे कामी येतो. तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी घ्या. चार त्रिक बारा, भागिले चार म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि तिच्या सव्वासहा तास आधी, पावणेनऊच्या सुमाराला पूर्ण सुकती. अष्टमीला भरती सहाला येते, म्हणजे सुकती भर दुपारी, आणि वर भांग. मगर बघायला यापेक्षा वाईट दिवस नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण जोरात असतं, पण सुकती पहाटे अंधारात आणि पुन्हा संध्याकाळी. म्हणून माझी पसंती तृतीया, चतुर्थी आणि पंचमी, पक्ष कोणताही असो. उधाण अजून पुरतं ओसरलेलं नसतं आणि सुकती सकाळच्या उन्हात येते. महिन्यातून असे सहा दिवस मिळतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरले तर चोवीस. कालनिर्णय उघडून खुणा करून ठेवा आणि मग गाडीचं तिकीट काढा. आपण नेमकं उलट करतो, आधी सुट्टी आणि तिकीट, मग होडी मिळेल त्या वेळेला.

हा ठोकताळा तासभर इकडेतिकडे होतो, तेव्हा जायच्या आठवड्यात मार्मागोवा बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही दिलेली असते. एकाच दिवसाच्या दोन सुकत्या सारख्या खोल नसतात. ज्या सुकतीचा आकडा लहान, तिला काठ जास्त उघडा. तक्ता बंदराचा आहे हेही विसरू नका. आत कालव्यात पाणी उशिरा वळतं. किती उशिरा, ते तुमचा होडीवालाच अचूक सांगेल.

पूर्ण सुकतीच्या दीड तास आधी होडीत बसा आणि सुकतीनंतर तासभर थांबा. उतरत्या पाण्यात चिखल नुकता उघडा पडतो, त्यातले किडे-खेकडे वर येतात आणि पक्षी त्यावर तुटून पडतात. पूर्ण सुकतीला ऊनही वर आलेलं असतं आणि मगर बाहेर.

तारीख जुळवता येत नसेल आणि भरतीच पदरी पडली तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जा. बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. आतल्या चिंचोळ्या ओहळांत सुकतीला होडी रुतते, म्हणून तिथे भरतीलाच जायचं असतं. प्रवेश वनखात्याकडून मिळतो. भरतीला पक्षी फांद्यांवर विसावलेले असतात आणि तुम्ही त्यांच्या पातळीवर, अगदी दहा-पंधरा फुटांवरून जाता. मगरीची आशा धरू नका, फांदीवर झोपलेले बगळे मन भरून बघा.

होडी आणि होडीवाला

मोठ्या बोटी, गाणी, नाच, पंचवीस-तीस माणसं, ती वेगळी मजा. आपल्याला सहा ते दहा माणसांची, मागे इंजिन बसवलेली लहान फायबरची होडी हवी. झुआरीच्या बाजूने जायचं तर कुठ्ठाळीच्या परिसरात, मांडवीच्या बाजूने जायचं तर जुन्या गोव्याच्या आसपास चौकशी करा. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक सोयीचं आहे. स्थानकाजवळच करमळीचं तळं आहे. गाडी सकाळची असेल तर तिथूनच सुरुवात करा.

पैसे ठरवण्याआधी होडीवाल्याला तीन प्रश्न विचारा. उद्या सुकती किती वाजता? वाटेत इंजिन बंद करून थांबाल का? मगर दिसली तर किती लांब थांबता? पहिल्याचं उत्तर जो घड्याळाकडे न बघता देतो तो माणूस पाण्यातला. दुसऱ्याला जो नाखूश होतो त्याच्याबरोबर जाऊ नका. तिसऱ्याला "अगदी जवळ नेतो, हात लावाल" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. एका खेपेला आमच्या होडीवाल्याने मगर हलावी म्हणून कोंबडीची आतडी पाण्यात टाकली. मगर आली, सगळ्यांना फोटो मिळाले. मला मात्र तेव्हापासून धास्ती वाटते, कारण होडीशी खाणं जोडलं गेलं की उद्या ती जाळं टाकणाऱ्याच्या होडीकडेही तशीच येणार. तसं होऊ नये म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका की खायला काही टाकायचं नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांना मुलांच्या मापाचं, आणि बसतानाच बांधायचं. एवढं झालं की निघा.

सोबत काय घ्यावं

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. होडीत १०×४२ नको. दहापट मोठं दिसतं तसंच दहापट हलतंही. एका कुटुंबात एक दुर्बीण असेल तर हातोहात फिरण्यातच पक्षी उडून जातो, तेव्हा शक्य असेल तर दोन घ्या. कॅमेऱ्याला ३०० ते ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. तिपाई घेऊ नका. इंजिन चालू असताना होडीच्या कडेवर कोपर टेकलंत तर सगळी थरथर कॅमेऱ्यात जाते. कोपरं स्वतःच्या गुडघ्यांवर टेका, शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांशाहून जलद ठेवा.

कपडे मातकट, हिरवट, मळखाऊ. टोपीला बंद हवा. पाण्याची बाटली, कोरडी पिशवी, काळा चष्मा. अत्तर, कुरकुरीत आवाजाचं खाणं आणि मोबाइलवरची गाणी घरी.

नजर कशी फिरवायची

नवखा माणूस पाण्याच्या मधोमध बघतो. तिथे जवळपास काही नसतं. सगळं घडतं ते काठावर, आणि काठ तरी कुठला? कालवा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं आणि पश्चिमेचा काठ उजळतो. गारठलेली मगर आधी तिथेच येते, आणि फोटोला उजेडही तिथेच सरळ पडतो. त्यामुळे सकाळी पश्चिम काठ पहिला. कालवा वळला की बाजू बदलते, होडी वळताना सूर्य कुठे गेला ते बघत राहा.

मग काठ थराथरांनी वाचायचा. एका थरावरून नजर सरळ शेवटपर्यंत न्यायची आणि मगच वर चढायचं.

पहिला थर पाणी आणि चिखल भेटतात ती रेघ. इथे निवट्या. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर चालतो, डोळे डोक्याच्या वर बेडकासारखे, आणि चिडला की पाठीवरचा पर उभारतो. सुकतीला दोन नर समोरासमोर तोंडं वासून उभे असलेले दिसले तर होडी थांबवा, पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. त्यांच्या शेजारी एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले फिडलर खेकडे. मोठी नांगी फक्त नराला. तो ती वरखाली हलवून मादीला बोलावतो. होडी येताना शंभर खेकडे एकदम बिळात जातात आणि चिखल रिकामा होतो. दोन मिनिटं नि:शब्द बसलात की एकेक करून परत वर येतात.

दुसरा थर मुळांचा. कमानीसारखी मुळं पाण्यात रोवून उभा तो कांदळ; त्याच्या फांद्यांवर लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी श्वासमुळं दिसली तर ती तिवराची. तिवराचं पान उलटून जिभेला लावलं तर खारट लागतं, झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. पण ओळख पटल्याशिवाय कुठलंही पान तोंडाला लावू नका आणि फांदी मोडू नका. याच काठावर हुरा असतो, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळा भाजून निघतो. या मुळांच्या जाळीत पाणकोंबडी फिरते, हिरवट बगळा पाठीला बाक काढून निश्चल बसतो, आणि मगरीची पिल्लंही असतात, पिवळसर अंगावर काळे पट्टे. हात-दीड हात लांबीचं पिल्लू मुळांत शोधणं मोठ्या मगरीपेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सापडेल तो दिवस लक्षात राहील.

तिसरा थर मधल्या फांद्या आणि पाण्यात रोवलेले मासेमारीचे खांब. हे खंड्याचं राज्य. चौथा थर झाडांचे शेंडे आणि विजेचे मनोरे. तिथे पांढऱ्या डोक्याची तांबूस ब्राह्मणी घार, पाण्यावर पाय पुढे टाकून सूर मारणारा ऑस्प्रे, आणि नशीब असेल तर समुद्री गरुड. गरुडाचं घरटं उंच झाडावर फांद्यांचा भला मोठा ढीग असतं आणि जोडी ते वर्षानुवर्षं वापरते. उघड्या चिखलावर माणसासारखा पोक काढून उभा, डोक्यावर केस नसलेला उंच करकोचा दिसला तर तो लेसर अ‍ॅडज्युटंट. झुआरीच्या काठावर तो अधूनमधून दिसतो, आणि आता फार ठिकाणी उरलेला नाही.

मगर ओळखणं आणि तिच्यापाशी थांबणं

पाण्यात ओंडका आणि मगर यांत फसगत होते. ओंडका प्रवाहाबरोबर जातो. प्रवाहाच्या विरुद्ध किंवा आडवा सरकणारा ओंडका नसतो. मगर पाण्यात असताना तीनच उंचवटे दिसतात, पुढे नाकपुड्या, मागे दोन डोळे, आणि मधे पाणी. काठावर ती वाळली की चिखलाच्या रंगाची होते, ओली असेपर्यंत काळपट दिसते. म्हणून नुकती बाहेर आलेली मगर पटकन कळते आणि तासभर पडलेली समोर असून दिसत नाही.

मगर नसली तरी तिचा माग असतो. चिखलाच्या उतारावर पोट घसरल्याची गुळगुळीत घसरगुंडी, दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे आणि मधून शेपटीची वळणदार रेघ. कडा धारदार आणि ओल्या असतील तर ती नुकतीच गेली. कडा ढासळलेल्या असतील तर कालची. ताजा माग दिसला की पन्नास-साठ पावलं पुढे जाऊन इंजिन बंद करा आणि वाट बघा. ऊन असेल तर ती पुन्हा त्याच उतारावर येते. मगरीच्या जागा ठरलेल्या असतात.

गेल्या जानेवारीत अशीच एक पाहिली. आधी नाक, मग डोळे, मग पुढचा एक पाय चिखलात रोवला, आणि बराच वेळ काहीच नाही. पाणी तिच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रांगांमधून ओघळत होतं. मग दुसरा पाय. पूर्ण बाहेर यायला तिला आठ-नऊ मिनिटं लागली. एकदा आडवी झाल्यावर तिने जबडा हळूहळू उघडला आणि तसाच ठेवला. होडीतली एक मुलगी घाबरली, "आई, ती रागावली." रागावलेली नव्हती. तोंड उघडं ठेवून मगर डोक्यातली उष्णता कमी करते. कुत्रं धापा टाकतं त्याच्या जवळपासचं ते काम.

तिला त्रास होतो आहे हे वेगळ्याच खुणांनी कळतं. पडलेली मगर डोकं उचलते, अंग पायांवर तोलते, शेपूट ताणते. यातलं काहीही दिसलं की होडी जास्त जवळ आहे, तिथेच थांबा किंवा मागे या. तिने पाण्यात उडी घेतली तर तिची सकाळची ऊब आपण हिरावली. हिवाळ्यात त्या उन्हावर तिचं पचनसुद्धा अवलंबून असतं. मी होडीच्या चार लांबींपेक्षा जवळ जाऊ देत नाही. तिरपं, हळू आणि न बोलता जायचं. थेट तिच्याकडे नाक करून कधीच नाही. होडीत कुणी उभं राहायचं नाही आणि हात पाण्यात सोडायचा नाही. कायद्याने मगर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला.

सहा खंड्ये

इतक्या छोट्या टापूत सहा जातींचे खंड्ये दिसू शकतात, आणि माझ्या मते हेच या कालव्याचं खरं वैभव आहे. घराशेजारचा, तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या छातीचा खंड्या सगळ्यांना माहीत असतो. त्याची किलकिल उतरत जाते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, निळा-नारिंगी, पाण्यालगत बाणासारखा जाणारा तो छोटा खंड्या. काळा-पांढरा, हवेत एका जागी पंख फडफडवत थांबून खाली कोसळणारा तो कवड्या. लाल, जाडजूड चोच अंगाला न शोभणारी, ती धीवराची. तो मोठा असूनही पानांत शांत बसतो आणि ओरडल्याशिवाय सापडत नाही. काळं डोकं, पांढरी कॉलर, जांभळट पाठ आणि तांबूस पोट तो काळ्या डोक्याचा. उडताना पंखांवर पांढरे चट्टे चमकतात.

सहावा दुर्मीळ. फक्त दोनच रंग, निळसर हिरवा आणि शुभ्र पांढरा. हा कॉलर्ड किंगफिशर पूर्वेकडे, अंदमानात वगैरे सर्रास दिसतो, पण पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरीपासून केरळपर्यंत खारफुटीत त्याची तुरळक, वेगळी वस्ती आहे. या उपजातीचं नाव 'विडाली'. ते ठेवलं आहे विडाल या ब्रिटिश अधिकाऱ्यावरून. ते रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीला होते आणि १८८० साली त्यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी छापली होती. म्हणजे जगातले पक्षीनिरीक्षक ज्याच्यासाठी झुआरीवर येतात तो पक्षी आपल्या कोकणाच्या नावे नोंदलेला आहे. त्याला शोधायचा तर झुआरीच्या तोंडाकडचा भाग घ्या. तिथे पाणी जास्त खारं आणि खारफुटी दाट. हलू नका, ऐका. तो दिसण्याआधी एकाच सुरातली खरखरीत हाक ऐकू येते.

नोंद होडीतच करा

संध्याकाळी आठवून लिहिलं की सगळे बगळे सारखे होतात. तारीख, तिथी, सुकतीची वेळ, कुठल्या वळणावर काय, एवढं जागच्या जागी लिहा. पक्षी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर इतरांना उपयोग होतो. मगरीच्या बिळाची किंवा घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही जाहीर करू नका.

परतताना, पाणमांजरासाठी

पाणमांजर शोधून सापडत नाही, वाट पाहून सापडतं. इथे असतं ते मऊ केसांचं पाणमांजर, चार-सहा जणांच्या कुटुंबाने फिरणारं. आधी त्याची विष्ठा शोधा. बांधाच्या माथ्यावर, मानशीच्या दगडांवर, एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकलेली, खवले आणि खेकड्याच्या कवचांचे तुकडे असलेली. ती ओली असेल तर कुटुंब जवळपास आहे.

बहुतेक लोक सुकती संपली की इंजिन पूर्ण वेगात सोडून धक्क्याकडे निघतात. तसं करू नका. शेवटच्या मानशीच्या अलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला होडी खांबाला बांधायला सांगा आणि वीस मिनिटं बसा. पाणी वळल्याचं दोरीवरून कळतं. आधी ती समुद्राकडे ताणलेली असते, मग सैल पडते, मग हळूच दुसऱ्या बाजूला ताणायला लागते. निवट्या चिखल सोडून मुळांवर चढतात. भरतीबरोबर बोय मासळी आत शिरते आणि पाण्यावर छोटी वर्तुळं उठू लागतात. यानंतर कान उघडे ठेवा. पाणमांजरं एकमेकांना बारीक शिट्टीसारख्या आवाजाने हाका मारतात. आवाज आला की दुर्बीण लगेच डोळ्यांना लावू नका, आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्यावरची व्ही आकाराची रेघ शोधा. रेघेच्या टोकाशी चपटं डोकं असेल, त्याच्या मागे दुसरं, तिसरं. एखादं मासा पुढच्या दोन पायांत धरून डोक्याकडून खायला सुरुवात करेल आणि खाताना आवाज करेल, कडाकडा. तुम्ही दिसलात तर सगळी एका रांगेत मान उंच करून तुमच्याकडे बघतील, फुसकारतील, आणि मग बांधावर चढून पलीकडच्या खाजणात उतरून जातील.